वजनाची रेघ सरळ जात नाही

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. मी काही बोलायच्या आधीच तिला रडू फुटलं. "ताई, सहाशे ग्रॅम वाढलं गं. शप्पथ सांगते, जास्तीचा एक घासही खाल्लेला नाही. माझंच शरीर असं का?"

तिनं वजन कमी करायला घेतलंय, त्याला तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात २.१ किलो उतरले, दुसऱ्यात २०० ग्रॅम, आणि तिसऱ्यात ६०० ग्रॅम उलटे चढले. पहिला आकडा तिनं मला अगदी हरखून कळवला होता. यातलं बरंचसं पाणी आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या आनंदावर विरजण घालवेना. म्हणून आज सविस्तर लिहिते. तिच्यासाठी, आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहून स्वतःला कोसणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी ते पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी या साठ्याला हात घालतं. साठा उतरतो, त्याच्याबरोबर पाणी जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी त्यात थोडीच असते. मग एखाद्या दिवशी खारट जास्त खाल्लं, पाळी जवळ आली, नव्या व्यायामानं अंग दुखायला लागलं, की तेच पाणी परत येऊन बसतं. ६०० ग्रॅम चरबी खरोखर चढायची तर गरजेपेक्षा साडेचार हजारांहून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. "पाळी कधी आहे तुझी?" मी विचारलं. दोन दिवसांवर होती. तेव्हा कुठे तिचा श्वास जरा खाली बसला.

मी शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी, ४४व्या वर्षी, माझं वजन होतं ८४.६ किलो. रक्तदाब १४८/९४, उपाशीपोटीची साखर ११२. जिना उतरताना उजवा गुडघा इतका दुखायचा की कठडा धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी उतरावी लागायची. तेव्हा मी आलेखाचा कागद घेतला आणि त्यावर लाल पेन्सिलीनं रेघ मारली. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज साडेपाचशे कमी केल्या की आठवड्याला अर्धा किलो. म्हणजे ५३ आठवड्यांत ८४.६ वरून ५८. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

५८ का? कॉलेज संपलं तेव्हा माझं वजन ५८ होतं, एवढंच. डॉक्टरबाईंनी कागदावरून नजर उचलून विचारलं, "हा आकडा कुठून आला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती एकवीस वर्षांची मुलगी. तिची बाळंतपणं व्हायची होती, रात्री एकपर्यंत पेपर तपासत बसायची नव्हती. तिचं वजन तुम्ही का मागताय?" मला ते फार लागलं, कारण मी खरोखर तिलाच परत आणायला निघाले होते.

सहा महिन्यांनी लाल रेघ ७१.६ वर होती आणि माझा निळा ठिपका ७७.९ वर. ६.७ किलो उतरले होते, पण त्या सकाळी कपाटाचं दार उघडं ठेवून मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. जे उतरलं ते दिसतच नव्हतं. रेघ आणि ठिपका यांच्यामधली पांढरी जागा तेवढी दिसत होती.

चूक रेघेत होती. गणिताच्या माणसाला तर ती आधीच दिसायला हवी, कारण तीच रेघ पुढे वाढवली तर १७०व्या आठवड्यात माझं वजन शून्य होत होतं! एक पाउंड वजनामागे ३५०० कॅलरी हा हिशोब मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरांनी १९५८मध्ये मांडला, आणि तो सरळ रेघेसारखा वापरायची सवय जगभर पडली. पण शरीर हलकं झालं की त्याला चालवायलाच कमी ऊर्जा लागते. शिवाय भूक वाढते, आणि आपल्या नकळत हालचाल थोडी मंदावते. सुरुवातीची साडेपाचशेची तूट वर्षभर साडेपाचशे राहतच नाही. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये याचं नीट गणित मांडलं. रोजच्या खाण्यात २४ कॅलरींची कायमची घट केली, तर सरासरी जाड प्रौढ माणसाचं वजन शेवटी साधारण एक किलोनं उतरतं. त्यातलं निम्मं उतरायला सुमारे वर्ष लागतं, आणि ९५ टक्के उतरायला तीन वर्षं.

हे वाचून मी नवा कागद घेतला. या हिशोबानं माझे साडेपाचशे म्हणजे पहिल्या वर्षात अकरा-साडेअकरा किलो, तेही एकही दिवस न चुकता. आधी भरभर उतरणारी आणि मग सपाट होत जाणारी वक्ररेषा निघाली. माझे निळे ठिपके तिच्या जरा वर, पण तिच्याच वळणानं चालले होते. म्हणजे सहा महिने मी नापास होत नव्हतेच!

फार खालची रेघ मारणारी मी एकटी नव्हते, हेही पुढे कळलं. गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांचा १९९७चा एक अभ्यास आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या ६० स्त्रियांना त्यांनी चार आकडे विचारले: स्वप्नातलं वजन, आनंद वाटेल ते, चालवून घेता येईल ते, आणि निराशा होईल ते. बायकांचं ध्येय होतं सरासरी ३२ टक्के वजन उतरवण्याचं. १७ किलो उतरले तर त्यांना निराशा वाटणार होती. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले, आणि जवळजवळ निम्म्या जणी त्या निराशेच्या आकड्यापर्यंतही पोचल्या नाहीत. सोळा किलो! एवढे कष्ट करून, एवढं मिळवून, हाती काय तर निराशा. माझं ५८ किलोचं ध्येय टक्क्यांत काढलं तर ३१ निघालं. तो आकडा पाहून त्या साठ जणींबद्दल मला फार जवळचं काही वाटलं.

शरीराला फायदा मात्र फार आधी सुरू होतो, आणि हे कुणी आधी सांगतच नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२मध्ये आले. त्यातल्या एका गटाला खाण्यातले बदल आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम दिला होता, आणि उद्दिष्ट होतं फक्त ७ टक्के. प्रत्यक्षात सरासरी ५.६ किलोच उतरले. तरी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. माझ्या ८४.६चे ७ टक्के म्हणजे ५.९ किलो. ज्या सकाळी मी कपाटासमोर खट्टू होऊन उभी होते, त्या सकाळी मी ती मजल आधीच ओलांडलेली होती.

घाई करून काय होतं ते मी भोगलंय. ३८व्या वर्षी एका ठिकाणी नाव घातलं होतं. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. दहा आठवड्यांत ११ किलो गेले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस विंचरताना कंगव्यात गुंतवळ येऊ लागली, हात धुताना चक्कर यायची, आणि दीड वर्षात १३ किलो परत आले. इतक्या वेगानं उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जास्त जातात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढंच पुष्कळ, आणि काही महिन्यांनी तेही मंदावणार हे गृहीत धरायचं. मला त्या लोकांचा अजून राग आहे. माणसं तिथून स्वतःलाच दोष देत बाहेर पडतात.

वर्षअखेरीला मी ७५.८ वर होते. आज तीन वर्षांनी ७६ ते ७७च्या मध्ये असते. कंबर १०४ सेंटिमीटरवरून ९५ झाली. रक्तदाब १२६/८२. आता माझं काम टिकवण्याचं, आणि ते उतरवण्याहून सोपं नाही. शरीर हरवलेलं वजन परत मागत राहतं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलते, रोज चालते, झोप मोडू देत नाही.

बहिणीचं वजन ७८ आहे. "मग मी किती धरू?" तिनं विचारलं.

"सहा महिन्यांत चार किलो. पाच टक्के."

बराच वेळ काही बोलली नाही. मग, "फक्त चार?"

मी तिला गेल्या वर्षीच्या एका दुपारची गोष्ट सांगितली. शेवटचा तास संपला, तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं होतं, हातात एका वर्गाच्या सगळ्या वह्यांचा गठ्ठा, हनुवटीपर्यंत आलेला. तो हनुवटीनं दाबून धरत मी उतरले. तळमजल्यावर टेबलावर गठ्ठा ठेवला आणि मग लक्षात आलं, कठडा धरायला माझा एकही हात मोकळा नव्हता. सरळ उतरले होते मी, पावलापुढे पाऊल टाकत. गुडघ्याचा संधिवात असलेल्या लोकांवर झालेल्या २००५च्या एका अभ्यासात दिसलं होतं की एक किलो कमी झाला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. माझे ८.८ किलो म्हणजे दर पावलाला ३५ किलो.

"म्हणजे माझे सोळा," ती म्हणाली.

"हो. आणि एकेका दिवसाचा आकडा मला पाठवू नकोस. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन कर, वहीत लिही. रविवारी सातांची सरासरी काढ. चार रविवार झाले की आपण दोघी बघू."

आज सकाळी तिचा मेसेज आला: "चढले, लिहिलं, उतरले. फिरायला निघालेय."