विचारायचं सोडून घोट का मोजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विद्यार्थ्यांच्या पिण्यावर सोबतीचा काय परिणाम होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. तो कळला की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्यासाठी बारमध्ये बसून घोट कशाला मोजायचे? मुलांनाच विचारा की!"

विचारतोच. पण स्वतः किती प्यायलो, हे मुलांना नीट माहीत नसतं. त्यांना 'एक पेग' हाताने ओतायला सांगितलं, तर तो ठरलेल्या मापापेक्षा बराच मोठा निघतो, हे प्रयोगांत दिसलंय. आणि "मित्रामुळे जास्त प्यायलास का?" या प्रश्नाला "छे, मला हवी होती म्हणून" असं उत्तर येतं. अगदी मनापासून येतं.

आता हे बघा. टेबलाशी चौघं. तिघांचे ग्लास निम्म्यावर आलेत, चौथ्याचा जवळजवळ भरलेला. तो गप्पांत रंगलाय. तिघांपैकी एक जण वेटरला हात करतो. चौथा बोलता बोलता ग्लास उचलतो आणि लागोपाठ दोन मोठे घोट घेतो. त्याला कुणी आग्रह केलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला हे आठवणारही नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बोल्टन शहरात 'मास ऑब्झर्व्हेशन' या लोकांच्या रोजच्या जगण्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे निरीक्षक पबमध्ये घड्याळ घेऊन बसायचे. एका टोळक्यातले ग्लास जवळपास सारख्याच गतीने उतरतात, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं.

मी आणि माझी सहकारी, आम्ही दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून एकाच टेबलाची नोंद करतो. नावं नाहीत, फक्त खुर्चीचा क्रमांक, वेळ, घोट. दोघींच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर ते टेबल बाद.

मात्र नुसत्या बघण्यालाही मर्यादा आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. पण इथे पवळ्याला कुणी बांधलेलं नसतं, तो आपणहून ढवळ्याशेजारी जाऊन बसलेला असतो! भरपूर पिणारी मुलं तसेच मित्र शोधतात. मग गुण लागला की आधीपासूनच होता? हा गुंता सोडवायला सोबती संशोधकानेच ठरवावा लागतो. 1975 मध्ये कॉडिल आणि मार्लाट या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वाइनची चव ठरवण्याच्या निमित्ताने बोलावलं आणि शेजारी आपला माणूस बसवला. तो भरपूर पीत असला की विद्यार्थीही जास्त प्यायले. प्रयोगशाळेतली ही गोष्ट आणि बाहेरच्या टेबलावरची ती, दोन्ही एकत्र ठेवल्यावरच मला थोडा विश्वास वाटतो.

एक नियम मात्र मी कुठल्याही पद्धतीच्या वर ठेवते. कुणी शुद्ध हरपून पडलं, किंवा गाडीच्या किल्ल्या घेऊन झोकांड्या खात निघालं, की पेन खाली ठेवायचं आणि उठायचं. त्या टेबलाची नोंद तिथेच थांबते. माझ्या वह्यांमध्ये अशा तीन अर्धवट नोंदी आहेत.