सरकारी टेंडर आणि आमचं छोटं युनिट: माझा अनुभव

आमचं युनिट कुपवाड एमआयडीसीत. स्टीलचे रॅक, कपाटं, फायलिंग कॅबिनेट असं काम. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता प्रोप्रायटर मी आणि शॉप फ्लोअर दीर बघतात. बरीच वर्षं आम्ही डीलरलाच माल दिला, आणि डीलर तोच माल स्वतःचं स्टिकर लावून सरकारी ऑफिसात द्यायचा, हे माहीत असून आम्ही गप्प होतो कारण टेंडर म्हटलं की दीर म्हणायचे "वहिनी, नको हं ते, पैसे अडकले की पगार कुठून करायचे". त्यांचं म्हणणं पुढे निम्मं खरं ठरलं, ते येईलच. पण निम्मं चुकलं पण, म्हणून हे लिहितेय. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाच्या सवलती सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, त्या नक्की कुठे लागू होतात आणि कुठे संपतात हे मात्र स्वतः बिड, म्हणजे टेंडरमधली आपली बोली, भरल्याशिवाय कळत नाही.

आधी नियम काय ते थोडक्यात, कारण व्हॉट्सअॅपवर याबद्दल काहीही फिरतं. 2012 सालची पब्लिक प्रोक्युरमेंट पॉलिसी आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी. केंद्र सरकारची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा आपल्यासारख्यांकडून घ्यायचा. सुरुवातीला 20 टक्के होता, 2018 ला दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2019 पासून 25 टक्के. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती जमातीच्या उद्योजकांकडून आणि 3 टक्के महिलांच्या युनिटकडून. शिवाय 358 वस्तूंची यादी आहे जी फक्त सूक्ष्म-लघु युनिटकडूनच घ्यायची, आणि स्टीलची कपाटं, खुर्च्या, रॅक त्या यादीत आहेत. हे वाचून मला वाटलं होतं आता काय, ऑर्डरी चालत येणार. तसं नसतं. 25 टक्के हे त्या खात्याचं वर्षाचं उद्दिष्ट आहे, तुमच्या समोरच्या टेंडरमधला कोटा नाही. महिलांचे 3 टक्के पण तसेच. त्यामुळे बायकोच्या नावावर फर्म काढली की काम होतं असं जे सांगतात त्यांना विचारा, कुठल्या बिडात कुठे ते 3 टक्के वापरले ते दाखवा म्हणावं. (आणि मालकी खरी लागते, पार्टनरशिप असेल तर बाईचा वाटा किमान 51 टक्के. फोनवर मात्र अजूनही "सरांना द्या ना जरा" म्हणतात. सर नाहीत, मीच आहे.)

अजून एक, ही पॉलिसी केंद्राची आहे. झेडपी, महापालिका, राज्याची खाती यांना हा कागद दाखवून भांडण्यात अर्थ नाही, राज्याचं खरेदी धोरण वेगळं आहे आणि तिथे ते वाचावं लागतं. आणि मध्यम उद्योग यात येत नाहीत, फक्त सूक्ष्म आणि लघु.

सगळ्याचं मूळ उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहोत याची सरकारी नोंदणी. 1 जुलै 2020 पासून ते सुरू आहे, आधार आणि पॅनवर होतं, पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा, खऱ्या साईटच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. आमच्याकडे जुनं उद्योग आधार होतं ते यात आणलं. इथे सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे एनआयसी कोड, आपला धंदा कुठला ते सांगणारा नंबर, आणि त्याकडेच कोणी बघत नाही, सीए ऑफिसमधला मुलगा जे टाकेल ते. फर्निचर बनवणारे 31 नंबरच्या गटात येतात. 46, 47 टाकलं की तुम्ही होलसेल किंवा रिटेल ट्रेडर झालात, आणि ट्रेडर्सना 2021 मध्ये उद्यममध्ये परत घेतलं तरी ते बँकेच्या प्रायॉरिटी सेक्टर कर्जापुरतं, टेंडरच्या सवलती त्यांना नाहीत. आमच्या गल्लीतल्या एकाचं युनिट पूर्ण मॅन्युफॅक्चरिंगचं आणि सर्टिफिकेटवर ट्रेडिंग, त्याला दोन बिडात सवलत नाकारली आणि तो सरकारला शिव्या देत बसला. तुमचं सर्टिफिकेट आत्ता काढून बघा, खरंच.

मग जेम, सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल. 2016 ला आलं, आता केंद्राची बहुतेक साधी खरेदी तिथेच होते. रजिस्ट्रेशनचं काही कौतुक नाही, आधार, पॅन, आयटीआर, बँक, जीएसटी आणि उद्यम नंबर टाकला की पोर्टल स्वतः तपासतं. वेळ खातं ते कॅटलॉग. तुम्ही ओईएम (स्वतः बनवणारे) आहात की रिसेलर, ब्रँडचं नाव काय, शीट किती गेजची, पावडर कोटिंग किती मायक्रॉन, लोड किती घेतो, प्रत्येक गोष्ट रकान्यात बसली पाहिजे आणि फोटो त्यांच्या मापाचे. आम्ही आयुष्यभर "भारी वाला" आणि "मीडियम वाला" एवढ्यावर रॅक विकलेले, दीरांनी त्या निमित्ताने पहिल्यांदा प्रत्येक मॉडेलचं ड्रॉइंग कागदावर उतरवलं आणि त्याचा फायदा प्रायव्हेट गिऱ्हाइकांकडेही झाला हे कबूल करते. काही कॅटेगरीत व्हेंडर असेसमेंटही लागतं, ते आधी बघून घ्या नाहीतर बिड उघडल्यावर कळतं.

या टप्प्यावर मला खरी मदत झाली ती एमएसएमई मंत्रालयाच्या डीएफओ कार्यालयाची, पूर्वी ज्याला डीआय म्हणायचे, मुंबईत साकीनाक्याला आहे. ते लोक व्हेंडर डेव्हलपमेंट प्रोग्रॅम घेतात, तिथे सार्वजनिक कंपन्यांचे खरेदी अधिकारी येऊन बसतात. भाषणं सोडा, जेवणाच्या रांगेत त्यातल्या एका अधिकाऱ्याला विचारलं की आमच्यासारख्यांची बिड का उडतात, तर ते हसून म्हणाले, "मॅडम, सवलत मागितलीच नसते हो. आम्ही आपणहून कशी देणार?" त्या एका वाक्यासाठी मुंबईचा प्रवास वसूल झाला.

कारण सवलत आपोआप मिळत नाही. बिड भरताना ईएमडी माफीचा पर्याय निवडावा लागतो आणि त्याला उद्यमचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. ईएमडी म्हणजे बिडासोबत ठेवायची अनामत, अंदाजे रकमेच्या 2 ते 5 टक्के, छोट्या माणसाला ते तीन चार ठिकाणी अडकले तर कच्चा माल आणायचा कशाने, म्हणून ही माफी मोठी आहे. पण ज्या वस्तूचं बिड आहे तीच तुम्ही बनवता हे दिसलं पाहिजे. दुसरं, जेमच्या बिड डॉक्युमेंटमध्ये सुरुवातीलाच ओळी असतात, एमएसईला, म्हणजे सूक्ष्म-लघु युनिटला, अनुभव आणि टर्नओव्हरची सूट आहे का, हो की नाही, आणि एमएसई परचेस प्रेफरन्स (खरेदीत प्राधान्य) आहे का, हो की नाही. मी आता बिड उघडलं की आधी या ओळी बघते, मग बाकीचं. अनुभवाची सूट देणं खरेदीदाराच्या हातात असतं, क्वालिटी आणि टेक्निकल स्पेसिफिकेशन पूर्ण होत असतील तरच, आणि तिथे "नाही" असेल आणि मागच्या तीन वर्षांचा टर्नओव्हर आपल्या दुप्पट मागितला असेल तर ते बिड आपलं नाही, तिथे रात्र घालवू नका. प्रश्न विचारायची सोय असते, मी एकदा विचारलं की वस्तू राखीव यादीत असताना बिड सगळ्यांना खुलं का, उत्तर एका ओळीचं आलं आणि त्यात काही नव्हतं. पण विचारावं, लेखी राहतं.

आता एल-वन अधिक 15. एल-वन म्हणजे सगळ्यात कमी रेट देणारा. याबद्दल गैरसमज जास्त. समजा सगळ्यात कमी रेट एखाद्या मोठ्या कंपनीचा आला, 1000 रुपये नग, आणि आपला 1150 च्या आत आहे, तर आपल्याला विचारतात की 1000 ला देता का. हो म्हटलं तर एकूण ऑर्डरच्या किमान 25 टक्के आपल्याला, आणि ऑर्डर तोडता येण्यासारखी नसेल तर पूर्णसुद्धा मिळू शकते. जास्त पैसे नाही मिळत, हे लक्षात घ्या, 1150 ने घेतील असं लोकांना वाटतं. आणि एल-वन स्वतःच एमएसई असेल तर हा विषयच नाही, ऑर्डर त्याची. आमच्या बाबतीत सगळ्यात कमी रेट मोठ्या कंपनीचा होता, आमचा त्याच्या 9 टक्क्यांच्या आसपास वर. पोर्टलवर मॅचचा पर्याय आला तेव्हा दीर आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, सीआरसी शीटचा त्या आठवड्याचा भाव, पावडर, मजुरी, ट्रक, आणि सगळं धरून मार्जिन अगदी पातळ पण शून्याच्या वर. दीर म्हणाले घेऊया, मशीन तरी चालेल. घेतली. भाव वाढत असते तर मी नाही म्हटलं असतं, मॅच करायची सक्ती नसते, आणि हौसेने हो म्हणून नंतर पातळ शीट वापरणारे लोक मला माहीत आहेत, तेच मग ब्लॅकलिस्ट होतात.

ऑर्डर मिळाल्यावर कळलं की मंत्रालयाचा हात दारापर्यंतच असतो. ईएमडी माफ असली तरी परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे ऑर्डर नीट पूर्ण करू याची हमी, माफ नसते. बँक गॅरंटी द्यायची, आणि बँक म्हणते एफडी ठेवा. बँकेच्या मॅनेजरना मी उद्यम दाखवलं तर म्हणाले ते लोनला ठीक आहे. सोनं ठेवायचं नाही असं घरात ठरलेलं असल्याने मोडली ती रिकरिंग. टेंडर भरण्याआधीच हे पैसे बाजूला काढून ठेवा, ऑर्डर हातात आल्यावर धावाधाव नको.

माल वेळेत गेला. पोचला की खरेदीदाराने आधी तात्पुरती पावती द्यायची आणि 10 दिवसांत तपासून क्रॅक काढायचं, म्हणजे माल स्वीकारल्याचं सर्टिफिकेट. क्रॅक निघालं की पुढच्या 10 दिवसांत पेमेंट असा जेमचा नियम. आमच्या खरेदीदार ऑफिसमध्ये, नाव नाही लिहीत, क्रॅकच निघेना. तपासणारे साहेब रजेवर, मग ऑडिट, मग "रॅक जोडून दाखवा". जोडून दाखवले. मग शांतता. इकडे शीटवाल्याचा फोन रोज, आणि दीर काही बोलत नव्हते पण त्यांची नजर बोलत होती.

इथे कायदा माहीत असल्याचा उपयोग झाला. एमएसएमईडी कायदा 2006, कलम 15 प्रमाणे खरेदीदाराने करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या वर पेमेंट लांबवता येत नाही. कलम 16 प्रमाणे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेसहा धरला तर साडेएकोणीस टक्के! आणि माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं, म्हणजे क्रॅक अडवून 45 दिवसांचं घड्याळ थांबवता येत नाही. मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केली की प्रकरण राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पेमेंटचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जातं. उद्यम मात्र माल देण्याच्या आधीचं हवं, नंतर काढून चालत नाही.

मी लगेच तक्रार नाही टाकली. पुढच्या वर्षी त्याच ऑफिसचं बिड भरायचंय, आणि कौन्सिलचा निकाल कायद्यात 90 दिवसांत म्हटलं तरी तेवढ्यात लागेल या भरवशावर पगार ठरवता येत नाहीत. साधं पत्र लिहिलं, अगदी गोड भाषेत, माल पोचल्याची तारीख, हरकत आलेली नाही, कलम 15 आणि 16, आजपर्यंतचं व्याज इतकं, आणि प्रत त्यांच्या अकाउंट्सला. व्याजाचा आकडा लिहिलेला कागद फाईलला लागला की पुढच्या ऑडिटला कोणीतरी विचारणार, याची त्यांना कल्पना असते. क्रॅक निघालं, पेमेंट आलं. व्याज नाही मिळालं, मी मागितलंही नाही, आणि यावरून मला दोन तीन जणांनी ऐकवलं की तुमच्यासारख्यांमुळेच हे लोक सोकावतात. असेल. त्यांनी एकदा माझ्या जागी बसून शीटवाल्याचा फोन घ्यावा.

त्यानंतर आम्ही सार्वजनिक कंपन्यांच्या बिडांकडे जास्त वळलो, कारण त्यांच्याकडे टीआरईडीएस, म्हणजे बिलावर आधीच पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था, चालतं. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट असे प्लॅटफॉर्म आहेत, तुमचं बिल तिथे चढतं, खरेदीदार मान्य करतो, मग बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं डिस्काउंट कापून पैसे खात्यात येतात. खरेदीदाराने नंतर पैसे नाही दिले तर बँक त्याच्याकडे बघते, आपल्याकडे नाही. पण बिल मान्य करणं शेवटी त्यांच्याच हातात, त्यामुळे बिड भरायच्या आधी मी त्या कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या व्हेंडरला फोन करून एवढंच विचारते की बिल मान्य व्हायला किती वेळ लागतो. सध्या एक बिड उघडायचं आहे, लॉकर कॅबिनेटचं. दोन्ही ओळींत "हो" आहे, आणि यावेळी ड्रॉइंग दीरांनी न सांगता करून ठेवलंय.