धावदोऱ्याचा सदरा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या संडे स्कूलचा वार्षिक मेळावा जानेवारीच्या पहिल्या रविवारी भरत असे. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातले आमचे गाव लहान आणि मंदिरही लहानच. सकाळची उपासना आटोपली की सतरंज्या झटकून पुन्हा अंथरल्या जात, पेटी आणि तबला पुढे सरकवला जाई, आणि वचन पाठांतराची बक्षिसे, गाणी व वर्षाचा जमाखर्च झाल्यावर पवित्र शास्त्रातल्या यहूदाच्या योशीया राजाचा नाट्यप्रवेश सादर होई. नाताळच्या नाटिकेत दरवर्षी काही ना काही नवे असे. जानेवारीत मात्र योशीयाच, असा संडे स्कूलच्या आमच्या बाईंचा नेम होता आणि माझ्या आठवणीत तो एकदाही मोडला नाही. नव्या वर्षाच्या आरंभी देवाशी केलेला करार नव्याने करायचा, तर ज्या राजाने तो साऱ्या लोकांसमक्ष केला त्याच्याकडूनच तो शिकावा, एवढे साधे त्यांचे कारण होते.

योशीया गादीवर बसला तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याने यरुशलेमेत ३१ वर्षे राज्य केले, म्हणून राजाची भूमिका नेहमी तिसरीतल्या मुलाकडे जाई. त्याचा आजा मनश्शे याने आपल्या ५५ वर्षांच्या कारकिर्दीत परमेश्वराच्या मंदिरातच परक्या दैवतांच्या वेद्या उभारल्या होत्या, आणि बाप आमोन दोनच वर्षे राज्य करून आपल्याच सेवकांच्या हातून मारला गेला होता. अशा घरात वाढलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी आपला पूर्वज दावीद याच्या देवाला शोधू लागला, विसाव्या वर्षापासून देशातल्या मूर्ती व उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थळे, काढू लागला, आणि कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराची दुरुस्ती त्याने हाती घेतली. सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या कामासाठी दिलेल्या पैशांचा त्यांच्याकडून हिशेब मागितला जात नसे, कारण ते इमानाने वागत, असे शास्त्रात लिहिले आहे. आमचे खजिनदार जमाखर्च वाचण्याआधी दरवर्षी हेच वचन म्हणत आणि मग, आपण मात्र हिशेब देऊ, कारण देणाऱ्याला तो ऐकण्याचा हक्क आहे, असे म्हणून चार आण्यांच्या खडूपर्यंतचा खर्च वाचून दाखवत. त्या वाचनाचा आम्हाला कधी कंटाळा आला नाही, हे आज मला विशेष वाटते.

दुरुस्तीच्या त्या कामात मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो ग्रंथ म्हणजे आपल्या पवित्र शास्त्रातले अनुवादाचे पुस्तक किंवा त्याचा गाभा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आमच्याकडे तो ग्रंथ गोणपाटात गुंडाळून, वरून चुन्याची भुकटी टाकून, मंदिराच्या मागच्या कोनाड्यात ठेवलेला असे. हिल्कीया झालेला मुलगा तो बाहेर काढताना भुकटी उडे, पुढच्या रांगेतली मुले शिंकत, आणि तरीही दर वर्षी कोणीतरी नव्याने विचारीच, की देवाचे पुस्तक देवाच्याच मंदिरात हरवते कसे? बाई त्याचे उत्तर देत नसत. घरी जाऊन आपले पवित्र शास्त्र कोठे ठेवले आहे ते पाहा आणि पुढच्या रविवारी सांगा, एवढेच त्या म्हणत. आमच्या घरचे एके वर्षी कपाटावर, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली निघाले होते.

शाफान चिटणिसाने तो ग्रंथ राजापुढे वाचला आणि ती वचने ऐकताच राजाने आपली वस्त्रे फाडली. या एका क्षणासाठी बाईंनी एक लांब पांढरा सदरा राखून ठेवला होता. गळ्यापासून पोटापर्यंत तो उसवलेला असे, आणि दर वर्षी मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्याला हाताने कच्चा धावदोरा घातला जाई. राजा दोन्ही हातांनी गळा धरून ओढी, टाके एकामागोमाग एक सुटत, आणि तो आवाज मंदिराच्या दारापर्यंत ऐकू जाई.

मी आठवीत असताना हुल्दा झाले. वाचनाने हादरलेल्या राजाने हिल्कीया, शाफान आणि आणखी तिघांना देवाचा शब्द विचारायला पाठवले ते या संदेष्ट्रीकडे. यिर्मया संदेष्टाही तेव्हा देवाचा संदेश देऊ लागला होता, पण निरोप गेला तो हुल्देकडे, ही गोष्ट बाई मुलींना आवर्जून सांगत. तिचा नवरा शल्लूम हा वस्त्रागारावरचा अधिकारी होता, आणि माझ्या आठवणीत हुल्दा त्या सदऱ्याशी जी जोडली गेली आहे, त्यामुळे हा तपशील मला फार जवळचा वाटतो. त्या वर्षी ज्यांच्याकडे सदरा दिला होता त्यांच्यापर्यंत निरोप चुकीचा पोचला, आणि त्यांनी तो मशीनवर दुहेरी टीप मारून पक्का शिवून आणला. मेळावा सुरू होईपर्यंत हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

शाफानाचे वाचन संपले. राजाने गळ्याला हात घातला आणि ओढले. काही झाले नाही. त्याने पुन्हा ओढले, त्याची बोटे पांढरी पडली, चेहरा लाल झाला, आणि तिसऱ्या खेपेनंतर तो सदरा मुठीत धरून हुंदके देऊन रडू लागला. मंदिरात कोणी हसले नाही. हिल्कीया झालेल्या मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग, काय करावे ते न सुचल्यामुळे असेल, पाचही जण माझ्याकडे चालत आले. राजाचे मन कोमल झाले, त्याने आपली वस्त्रे फाडली आणि तो माझ्यासमोर रडला, म्हणून मीही त्याचे ऐकले आहे, असे परमेश्वराचे शब्द मला बोलायचे होते. समोर न फाटलेला सदरा दिसत होता. मी वस्त्रांचा भाग गाळला आणि राजा रडला, म्हणून देवाने त्याचे ऐकले, एवढेच म्हटले. पुढच्या रविवारचे सोनेरी वचन, म्हणजे पाठ करायचे वचन, बाईंनी फळ्यावर लिहिले ते योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातले होते: वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा, अशा अर्थाचे.

हुल्देच्या निरोपाचा पहिला भाग मात्र लहान मुलांच्या प्रवेशात बाई थोडक्यात आटपत. या ठिकाणावर अरिष्ट येणार, ते टळणार नाही, फक्त ते राजाच्या डोळ्यांदेखत येणार नाही, असे तिने सांगितले होते. हे ऐकूनही राजा मंदिरात गेला, लहानथोर सर्वांना त्याने जमवले, ग्रंथ त्यांना वाचून दाखवला आणि खांबाजवळ उभे राहून परमेश्वरासमोर करार केला. सगळे लोकही त्या कराराला उभे राहिले. मूळ हिब्रूत तेथे उभे राहण्याचेच क्रियापद आहे. मग बआल व आशेरा या परक्या दैवतांची पात्रे यरुशलेमेबाहेर किद्रोनाच्या शेतांत जाळली गेली, सूर्याला वाहिलेले घोडे काढले गेले, आणि हिन्नोमाच्या खोऱ्यातले तोफेत हे ठिकाण, जेथे मोलख या दैवतासाठी लेकरे अग्नीतून नेली जात, ते भ्रष्ट करण्यात आले. तोफेताचे नाव घेताना बाईंचा आवाज दर वर्षी खाली येई.

मिसरातल्या सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या वल्हांडणाचा त्या वर्षीसारखा सण शास्त्यांच्या, म्हणजे राजांच्या आधीच्या पुढाऱ्यांच्या, काळापासून कधी झाला नव्हता. राजाने लोकांना ३०,००० कोकरे व करडे आणि ३,००० बैल दिले. आमचे प्रीतिभोजन रश्शाचे आणि भाकरीचे असे. शास्त्रातली बेखमीर भाकर आणि आमच्या तव्यावरची भाकर एकच, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती, आणि ज्वारीच्या पिठात खमीर कोणी घालत नसल्याने ती अगदीच चुकीची होती असे मला आजही वाटत नाही.

जेवणानंतर पाळकसाहेब मोठ्या मुलांना वेगळे बसवत आणि पुढचे सांगत. योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरचा राजा फारो नखो याच्याशी झालेल्या लढाईत पडला, यिर्मयाने त्याच्यासाठी शोक केला, आणि इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम व मंदिर दोन्ही उद्ध्वस्त झाले. त्याआधी योशीयाचाच मुलगा यहोयाकीम हिवाळ्यात शेगडीपुढे बसला असता यिर्मयाचा ग्रंथपट त्याच्यापुढे वाचला गेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो ते चाकूने कापून विस्तवात टाकी, आणि कोणी भ्याले नाही की कोणी वस्त्रे फाडली नाहीत. बापाला ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या शाफानाचा मुलगा गमऱ्या त्या वेळी राजाला, जाळू नका, अशी विनवणी करत होता. आमच्यापैकी एकाने विचारले, की अरिष्ट यायचेच होते तर योशीयाने करार का केला? पाळकसाहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, टळणार नाही हे कळल्यावरच त्याने केला, हे पुन्हा एकदा वाच. मेळाव्याच्या इतक्या वर्षांत मला मिळालेले सगळ्यांत मोठे शिक्षण तेच आहे.

संध्याकाळी पाळकसाहेब मंदिरातल्या दगडी खांबाजवळ उभे राहत, करार वाचत, आणि आम्ही सगळे उठत असू. ज्या आजींना गुडघ्यांमुळे उठवत नसे त्या शेजारच्या पोरांच्या खांद्यांवर हात टेकून उठत.

बाई गेल्यावर तो सदरा माझ्याकडे आला. कॉलरवर पिवळे डाग पडले आहेत, गळ्याच्या कडेला सुईच्या भोकांची नक्षी झाली आहे. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मी चष्मा लावून बसते आणि त्याला धावदोरा घालते, टाके लांब लांब, शेवटी गाठ न मारता.