हाय फ्लॅश डिझेलचा फ्लॅश पॉइंट काढताना: माझा अनुभव

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या किमान तापमानाला इंधनाची वाफ ज्योत दाखवताच क्षणभर पेट घेते ते तापमान. जहाजांना लागणाऱ्या हाय फ्लॅश डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 66 अंश सेल्सिअस असावा लागतो. नमुना पास की नापास, हे बऱ्याचदा एखाद्या अंशावर ठरतं. पेन्स्की-मार्टेन्सच्या बंद कपावर (झाकणबंद कपात नमुना ढवळत तापवायचं उपकरण) मी ही चाचणी कशी करतो ते लिहितो.

आधी कप, झाकण आणि ढवळणी हवेने कोरडी करतो. सफाईचा ॲसिटोन झाकणाच्या खाचेत जरासा राहिला तरी फ्लॅश खोटाच खाली येतो. नमुन्याची बाटली उघडी राहिली की उलटं होतं: हलके घटक उडून जातात आणि आकडा वर चढतो. डिझेल साधारण 160 ते 370 अंशांदरम्यान उकळतं. त्यात टक्काभर पेट्रोल गेलं तर डिस्टिलेशनमध्ये (किती अंशांना किती भाग उकळून निघतो, त्या चाचणीत) जेमतेम कळतं, फ्लॅश पॉइंट मात्र धाडकन कोसळतो.

कप आतल्या खुणेपर्यंत भरायचा, म्हणजे सुमारे 75 मिलि. तापमान मिनिटाला 5 ते 6 अंशांनी वाढवायचं, ढवळणी मिनिटाला 90 ते 120 फेरे. ज्योत साधारण 4 मिलिमीटरची. 70 अंशांची अपेक्षा असेल तर 47 पासून दर अंशाला ज्योत दाखवतो, तेवढ्यापुरती ढवळणी बंद. ज्योत अर्ध्या सेकंदात खाली कपात, एक सेकंद तिथेच, आणि झटकन वर.

फ्लॅश जवळ आला की ज्योतीभोवती निळसर वलय मोठं होऊ लागतं. नवखी माणसं इथेच आकडा लिहून मोकळी होतात. खरा फ्लॅश क्षणात डिझेलच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. पहिल्याच वेळी भडकलं तर तो नमुना टाकून ताजा घ्यायचा आणि आणखी खालून सुरुवात करायची.

मग हवेच्या दाबाची दुरुस्ती. पाऱ्याच्या 760 मिमीपेक्षा (समुद्रसपाटीचा प्रमाण दाब) दाब जितका कमी, त्या प्रत्येक मिमीला 0.033 अंश मिळवायचे. पुण्यात दाब 710 मिमीच्या आसपास असतो, म्हणजे 1.65 अंश. वाचन 65 आलं तर दुरुस्तीनंतर 66.65, आणि अर्ध्या अंशाला पूर्णांकित करून 66.5: नमुना पास. हवामानाच्या ॲपवरचा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. तो धरला तर दुरुस्ती जवळपास शून्य निघते आणि चांगलं डिझेल नापास होतं. म्हणून प्रयोगशाळेतल्याच बॅरोमीटरचं वाचन, तेही चाचणीच्या वेळचं, मी निकालाशेजारी लिहितो.