दुसरी बॅटरी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यापुढे कुणी विचारलं तर हेच वाचायला देणार आहे. गाडीत छोटा फ्रिज असतो, त्याच्यासाठी मागच्या सीटखाली लावलेली दुसरी बॅटरी दिसली की पंपावर, ट्रेलवर, अगदी सोसायटीच्या पार्किंगमध्येही तोच प्रश्न: "एक पुरत नाही का हो?" पाठोपाठ डोळा मारून, "फ्रिजमध्ये बिअरच ना?"

बिअर नव्हती. आईचं ताक होतं आणि श्रीखंडाचा डबा.

सप्टेंबर महिना, हिमाचलमधला चंद्रताल तलाव, कॅम्प ४,२०० मीटरच्या आसपास. गाडी ३६ तास एका जागी उभी. दिवसा काचांतून ऊन, आत फ्रिज चालूच. गाडीची बॅटरी उतरायला लागली की फ्रिजने आपणहून बंद व्हावं अशी सोय असते. तिचे 'हाय', 'मीडियम', 'लो' असे टप्पे. 'हाय'वर बॅटरी जराशी उतरली तरी तो बंद पडतो म्हणून वैतागून मीच 'लो'वर टाकला होता. सरासरी सव्वा ॲम्पिअर धरा, ३६ तासांत ४५ ॲम्पिअर-अवर गेले. बॅटरी ७० ची. हा हिशेब मी पुण्यात परत आल्यावर केला.

रात्री तीनला आईचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. उंचीचा त्रास. खाली उतरायचं, एवढं कळत होतं. चावी फिरवली. टक. मग टकटकटक. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि विझले. मोबाइलला रेंज नाही. जंपर केबल पुण्यात, खुंटीला. तंबू-तंबूपाशी जाऊन हाका मारल्या, शेवटी एका टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर उठला. त्याच्याकडे केबल होती. गाडी सुरू झाली तेव्हा पावणेपाच वाजले होते. तोवर दोन रजया गुंडाळून बसलेली आई मलाच सांगत होती, "होईल रे, घाबरू नकोस."

केबल गुंडाळता गुंडाळता ड्रायव्हरने फ्रिजकडे बघितलं, पण बोलला काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

खाली छत्रूला पोचेतो आई चहा मागायला लागली.

परत आल्यावर फ्रिजसाठी ही दुसरी बॅटरी बसवली. आता सगळे सांगतात, ती भरायला थेट डीसी-टू-डीसी चार्जर घ्यायचा होता, म्हणजे गाडीच्या बॅटरीवरून दुसरी भरणारा. मित्र तेव्हाही सांगत होते. मला वाटलं, उगाच खर्च. मी साधी रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, लावली. १३.३ व्होल्टला ती दोन्ही बॅटऱ्या जोडते, १२.८ ला तोडते. जुन्या गाड्यांना झकास. माझी नव्या प्रदूषण-नियमांची, बीएस-६; डिझेल वाचवायला तिचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारं यंत्र, हायवेला व्होल्टेज खाली आणतो. भंडारदऱ्याला पोचलो तरी दुसरी बॅटरी कोरडीच. चालत्या गाडीत मीटर लावला, १२.६. एवढ्यावर रिले जोडणारच नाही. रिले बिचारी बरोबर होती, मी चुकलो होतो.

आता २५ ॲम्पिअरचा चार्जर आहे, १६ स्क्वेअर एमएमची वायर आहे आणि दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभरावर फ्यूज. फ्यूजच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पत्र्यावर घासून वायरचं आवरण गेलं की बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओकते, आणि मग गाडी जळताना बघत उभं राहायचं. दुसरी बॅटरी लिथियमची. शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते, म्हणून ती केबिनमध्ये.

एवढं करून खरं सांगू? फ्रिज 'हाय'वर असता आणि केबल सोबत असती, तर यातलं काहीच लागलं नसतं. हे मला तेव्हाही पटत होतं. फ्रिज घरी ठेवला असता तर तेही नाही. तरी बॅटरी काढणार नाही, आणि का ते नीट सांगताही येत नाही.

परवा आईने विचारलं, "पहिली बॅटरी जुनी होऊन गेली, तर ही दुसरी गाडी सुरू करेल का रे?"

नाही करणार. चार्जर एकाच दिशेने चालतो.

केबल आता सीटखाली असते.