साठ पत्ते, सहा बेसिक

जानेवारी 2024मध्ये सोलापूरच्या गड्डा जत्रेत भाच्यासाठी पोकेमॉनचं, म्हणजे त्या कार्टूनमधल्या प्राण्यांच्या पत्त्यांचं, सोनेरी पाकीट घेतलं. होम मैदानावरच्या एका पालावर, 100 रुपयांत 55 पत्ते, स्वस्तच की! घरी आल्यावर भाच्यानं एक वाकवून बघितला. प्लास्टिक. "मामा, गंडवलं की तुला!"

मग खरे कसे असतात ते बघायला गेलो आणि अडकलो. वय वर्षं 38, कुणाला सांगायची सोय नाही.

खरा पत्ता कागदी, 63 बाय 88 मिलिमीटर. कड भिंगाखाली धरली की दोन कागदांच्या मधे काळसर रेघ दिसते, कारण प्रकाश अडवायला आत एक थर असतो. मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर नकली पत्ता बहुतेक वेळा कंदिलासारखा उजळतो. बऱ्याच नकली पत्त्यांवर तर पोकेमॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमधली 'ई'वरची तिरकी रेघच गायब असते. एवढं कळेपर्यंत आणखी दोन पाकिटं नकली निघाली होती. सोलापुरात मला दुकान सापडलं नाही, सगळं पार्सलनं मागवायचो.

एप्रिलमध्ये वेगळाच घोटाळा झाला. पत्ते लावलेली फाइल कूलरसमोरच्या टीपॉयवर ठेवायचो. आठवड्यानं उघडली तर चमकणारे पत्ते तळणीतल्या पापडासारखे वळलेले, साधे मात्र सरळ. कागद कूलरचा दमटपणा पितो, वरचा चमकीचा थर पीत नाही, मग पत्ता एका बाजूला ओढला जातो. बायको म्हणाली, "कडक भाकरीसारखं डब्यात ठेवा की." तेव्हापासून घट्ट झाकणाच्या डब्यात, कूलरपासून लांब.

जमवण्यात वर्ष गेलं. मग खेळायची हुक्की आली. डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बरोब्बर 60 पत्त्यांचा, एका नावाचे चारच, बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारे शक्तीचे साधे पत्ते) कितीही. चारिझार्ड ईएक्स आणि पिजियट ईएक्स अशी दोन मोठ्या पोकेमॉनची जोडी बांधली. मे 2025मध्ये एका रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं खेळायला पुणं गाठलं.

समोर कॉलेजचा पोरगा. त्यानं माझे पत्ते चाळले आणि दोन बाजूला काढले, रेडियंट चारिझार्ड आणि फॉरेस्ट सील स्टोन. पत्त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर असतं. दीड वर्ष पत्ते हाताळले, पण त्या अक्षराकडे कधी बघितलंच नव्हतं. एप्रिल 2025पासून 'एफ'वाले पत्ते स्टँडर्ड, म्हणजे फक्त नवे पत्ते चालणाऱ्या, प्रकारातून बाद. "काका, दोन एनर्जी घाला, चालतंय," म्हणत त्यानंच स्वतःच्या डब्यातून दिल्या.

सुरुवातीला सात पत्ते उचलायचे, त्यात निदान एक बेसिक, म्हणजे थेट खाली उतरवता येणारा, पोकेमॉन हवाच. नसेल तर हात समोरच्याला दाखवायचा, पिसायचं, पुन्हा सात घ्यायचे. त्याला मोबदल्यात जादा पत्ता घेता येतो. मला हात तीनदा दाखवावा लागला. तिसऱ्यांदा तो पोरगा ओशाळला, म्हणाला, "राहू द्या, जादा नको मला." पुढची हार पाच मिनिटांत उरकली.

परतीच्या गाडीत मोबाइलवर हिशेब मांडला. रेडियंट गेल्यावर माझे बेसिक उरले सहा, चार चारमँडर आणि दोन पिजी, म्हणजे चारिझार्ड आणि पिजियटची पिल्लं. साठात सहा असतील तर सात पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता शंभरात 46. म्हणजे जवळपास नाणेफेकच! बारा केले तर 19वर येते. हे सगळं कुर्डुवाडी यायच्या आत निघालं. मोठे पोकेमॉन दिसायला झकास म्हणून मी तेच भरले होते, आणि ते खाली उतरवायला लागणारी पिल्लं विसरलो होतो.

आता आणखी सहा बेसिक घालायचे तर सहा पत्ते काढायला हवेत. पाच त्याच रात्री निघाले. सहावा तिसरा चारिझार्ड ईएक्स. त्याला तीन दिवस लागले, आणि काढल्यावरही तो डब्यात न ठेवता फाइलच्या पहिल्या कप्प्यात लावला.