तुम्ही विचारलंत म्हणून: गावच्या घराचं कर्ज आणि आमचा फेरफार

"ताई, तुम्ही एवढी वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढलीत. गावी घर बांधायला कर्ज काढतोय, वाचायला काहीतरी चांगलं सुचवा ना." हे मला लग्नकार्यात विचारतात, एसटीत विचारतात, आणि गणपतीत तर पडवीत बसून विचारतात. मी म्हणते, जुने फेरफार वाचा, म्हणजे सातबारावरची नावं बदलल्याच्या नोंदी. माणूस हिरमुसतो. त्याला कुठली बँक बरी, हप्ता किती बसेल, असलं काही हवं असतं. मग दुसरा प्रश्न येतो, कधी तोंडावर, कधी माझ्या पाठीमागे: "हिला एवढं कळतं तर सख्ख्या भावाचं घर जोत्यावर का अडलं?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून इथे एकदाच लिहिते.

व्याजाचं आधी उरकते. मंजुरीपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. व्याज बदलतं असेल तर गृहकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही, हा नियम 2012 पासून आहे. कर्ज फिटलं की मूळ कागद 30 दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हे रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2023 पासून लागू केलंय. एवढं पुरे. हप्त्यापायी अडलेली फाइल मी क्वचित पाहिली. आपल्याकडे फाइल अडते ती जमिनीपाशी.

बँक शेतजमिनीवर घराचं कर्ज द्यायला का कचरते, ते समजून घ्या, म्हणजे शाखेतल्या माणसावर उगाच चिडणार नाही. थकलेल्या कर्जाची वसुली बँक 2002 च्या सरफेसी कायद्याने करते, आणि तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून एनएची, म्हणजे जमीन बिगरशेती झाल्याची, सनद मागतात. जागा गावठाणाला लागून असेल तर आज कुठली वाट आहे, ते तहसीलमध्ये विचारा. शेतजमीन नव्याने विकत घेणार असाल तर तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, कुळकायद्याचं कलम 63. तो पुरावा म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी सातबारावरचं तुमचं नाव. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सातबारा. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो, तो सगळेच काढतात. नाव बघतात, क्षेत्र बघतात, घडी घालून ठेवतात. पण प्रत्येक नावाजवळ फेरफाराचे क्रमांक असतात. त्या क्रमांकांच्या नकला काढा. कुणाचं नाव कधी आलं, कुणाचं कधी गेलं आणि कशाच्या आधारावर, ते तिथे लिहिलेलं असतं. तहसीलच्या रेकॉर्डात हेलपाटे पडतील, अक्षर लागणार नाही, तरी वाचा.

आमचाही वाचला गेला. वाचला तो भावाच्या बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी.

राजापूरच्या बाजूला आमची वाडी. धाकट्या भावाने निवृत्तीचे पैसे घालून जोतं बांधून घेतलं, चिरे उतरवले, आणि वरच्या कामासाठी कर्जाचा अर्ज केला. सनद होती, थोरल्याची संमती होती. सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या कागदांचा वकिली तपास, 30 वर्षांचा असतो, म्हणजे तो 1993 पर्यंतच मागे जाणार. पण वकील चोख होते, सातबारावरचे क्रमांक धरून ते आणखी मागे गेले आणि 1987 च्या फेरफारापाशी थांबले. वडील त्या वर्षी गेले. वारसांत आई आणि दोन मुलगे. खाली एक ओळ: मुली लग्न होऊन सासरी नांदत आहेत.

भावाने त्या पानाचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलं, "ताई, तुझी आणि माईची हक्कसोड लागेल, मसुदा करून आणतो." माई म्हणजे आमची बहीण.

1987 साली माझं लग्न झालेलं नव्हतं. मी पंचवीस वर्षांची होते, तालुक्याच्या बँकेत कारकून होते, आणि त्याच घरात राहत होते. त्या पावसाआधी घरावर नवीन कौलं चढली ती माझ्या पगारातून. तलाठ्याला हे कुणी सांगितलं नाही, की सांगूनही त्याने नेहमीची ओळ लिहिली, हे आता कळायला मार्ग नाही. जबाबावर आईची सही आहे. आईला वाचता येत होतं. या एका गोष्टीवरून मी रात्री जागी राहिले आहे. आई सही करताना काय समजली होती, ते विचारायला ती नाही.

लग्न झालं असतं तरी त्या फेरफाराने माझा हक्क गेला नसता. फेरफार ही महसुलाची नोंद, तिने मालकी जात नाही की येत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुली वारस होत्याच. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 साली वडील हयात नसले तरी तो हक्क आहे. बँकेच्या वकिलाला हे माहीत असतं, म्हणूनच तो सह्या मागतो. बँकेला माझी सही हवी होती, कारण माझा हक्क जिवंत होता.

भाऊ मसुदा घेऊन आला. जेवण झालं, मग कागद काढला. बिनमोबदला, स्वखुशीने, कायमचा हक्क सोडते, अशी नेहमीची भाषा. मी म्हटलं, आधी माझं आणि माईचं नाव सातबारावर लाव. मग वाटपपत्र करून नोंदवू, घराची जागा तुझीच राहील, मला वरचा कातळ दे. तो म्हणाला, "त्याला वर्ष जाईल गो. मंजुरीची मुदत संपतेय." मी म्हटलं, मग सहकर्जदार म्हणून घे. तर म्हणाला, "हप्ता मी फेडणार आणि नाव तुझं?" आणि मग, "तुला काय कमी आहे ताई?"

त्याचं पहिलं म्हणणं खरं होतं. दुसऱ्यातही तथ्य होतं, आणि माझ्या वयाच्या निवृत्त बाईला सहकर्जदार घ्यायला बँकही खळखळ करते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत! तिसऱ्याचं उत्तर मी दिलं नाही. कमी असण्या-नसण्याचा तो प्रश्नच नव्हता. मला त्या गावची शेतकरी म्हणून कुठे नाव नाही. उद्या चार गुंठे भात-जमीन घ्यायची म्हटलं तर दाखला कशाच्या जोरावर काढू? ज्या घराची कौलं मी घातली त्या घराच्या कागदावर मी सासरी नांदत होते.

मी सही केली नाही. मुदत संपली. चिऱ्यांवर दोन पावसाळे गेले.

मी लोभी आहे असं वाडीत बोलतात, ते मला मान्य नाही. पण एक गोष्ट मला गप्प करते. मी शाखेत होते तेव्हा गणपतीच्या सुट्टीत भाऊ बहिणींना घेऊन यायचे, कारण तेव्हाच सगळी भावंडं गावी भेटतात. "बहिणींच्या हक्कसोडी आणा, फाइल पुढे सरकेल," हे मीच सांगायची. बायका खुर्चीच्या कडेवर बसायच्या. मी विचारायची, समजलंय ना? त्या मान हलवायच्या. तेव्हाची मी म्हणेन, नियमच तो होता, त्या सह्यांमुळे कितीतरी घरं उभी राहिली. खरंच राहिली, मी त्यांच्या वास्तुशांतीला जेवले आहे. आताची मी विचारते, त्यातल्या कितीजणींनी आपला फेरफार आधी वाचला होता? दोघींपैकी कुणाचं बरोबर, ते ठरवता आलेलं नाही.

माईचं म्हणणं तर तिसरंच. ती म्हणते, "माझं माहेर त्या जमिनीत नाही गो, भावांत आहे. मी सही देणार." तिला तो हक्क आहे. माझं एवढंच मागणं की तिने ती सही, आपलं नाव एकदा सातबारावर चढलेलं बघून, मग द्यावी. ती हसते आणि विषय बदलते.

तेव्हा पुन्हा विचाराल तर सुचवणं तेच राहील. गावी निघालात की उताऱ्यावरच्या फेरफारांच्या नकलांचा अर्ज करा. सनद बघा, सातबारावरच्या इतर हक्कांच्या रकान्यातला कर्जाचा बोजा बघा. आणि बहिणींना मसुदा घेऊन भेटायच्या आधी ते जुनं पान त्यांच्या हातात द्या. भावाने मला फोटो पाठवला होता, तोही कर्ज अडल्यावर. आधी दाखवला असता तर मी सही केली असती का, असं माई विचारते. बहुतेक केली असती. नक्की सांगत नाही.